पिल्ली शिंकते

आधी वाटलं, तंबाखूच.
आई सुपात जर्दा घेऊन बसते, पानावर कात्री चालवते
आणि पिल्ली नेमकी सुपाच्या कडेला हनुवटी टेकून झोपते.
शिंकणार नाही तर काय.
आमच्यात सगळेच शिंकतात.
पाहुणे तर उंबऱ्यातच.

तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात,
नाव शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.
शेजारच्या मराठी पोरांना वाटतं, आम्ही लाडानं पिल्लू म्हणतोय.
वाटू दे.

मग डावा डोळा चिकटला.
रोज सकाळी आई कोमट पाण्याच्या कापसानं तो उघडायची,
भिजवलेलं विडीचं पान उलगडावं तसा,
शिरेला धक्का न लावता.
तिसऱ्या दिवशी पिल्लीनं मासळीकडंही बघितलं नाही.
नाक बंद, म्हणून वास नाही. वास नाही, म्हणून भूक नाही.
हे मला नंतर कळलं.
तेव्हा मी एवढंच म्हणालो, माजलीय.

टॉवेलच्या खोक्यात घालून नेलं,
अशोक चौकातून रिक्षानं, खोकं आईच्या मांडीवर.
आत तिची खरखर,
पाचव्या दिवशी नळाला पाणी यायच्या आधी
नुसती हवा येते, तशी.

शीलवंत डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब टाकला,
खिडकी लावली, निळा दिवा धरला.
बुबुळावर हिरवी रेघ उठली,
रेघेला फांद्या, फांद्यांना पुन्हा फाटे.
मी जॉबर माणूस. तीस वर्षं मागावर तुटलेले धागे बघतोय.
इथं कुठं गाठ मारायची, ते मला दिसेना.

"हर्पीस," बाई म्हणाल्या. "मांजरांचा. माणसाला लागत नाही."
"म्हणजे काय?" आई पुढं सरकली.
"आपल्याला नागीण होते ना, त्याच घराण्यातला."
आईचा हात लुगड्यावरून कमरेला गेला.
तीन वर्षं झाली तिच्या नागिणीला,
थोरला भिवंडीला निघून गेला, त्याच महिन्यातली.
गेरू लावून पडली होती
आणि गल्लीतल्या बाया रोज येऊन बघायच्या,
तोंड शेपटीला मिळालं का.

"माझ्या गोळ्या उरल्यात," ती म्हणाली. "पावडरच्या डब्यात. अर्धी देऊ?"
बाई ओरडल्याच.
"अजिबात नाही! मरेल ती.
घराणं एक म्हणून औषध एक नसतं."
वेगळी गोळी लिहून दिली, थेंब दिले, दिवसातून किती वेळा ते सांगितलं.
बरी होईल का, मी विचारलं.
"डोळा होईल. हा जात नाही.
चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो.
घरात काही बिघडलं की उठतो."
परतताना आई रिक्षात एक शब्द बोलली नाही.
घरी येऊन आधी डबा उघडला, गोळ्या मोरीत टाकल्या.

डोळा भरला. आत एक दुधाळ ठिपका राहिला.
धाग्यावर झडप घालते, तर बोटभर बाजूला पडते
आणि तिथंच पडायचं होतं असं दाखवते.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली, तेव्हा थोरला आला.
बायको, दोन पोरं, पाळण्यांत बसायची घाई.
तिसऱ्या रात्री, जेवताना, हळूच म्हणाला,
मागच्या खोलीचं काय करायचं ते एकदा ठरवू.
कुणी आवाज चढवला नाही.
कडक भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज.

दोन दिवसांनी पहाटे पिल्ली शिंकली.
एकदा. मग सलग चार वेळा.
"तंबाखूनं," थोरला अंथरुणातूनच म्हणाला.
आईनं थेंबांची बाटली हुडकली,
मग सुपाशी बसून काल कारखान्यानं परत केलेली छाट निवडू लागली,
डावा हात कमरेवर.

मी उजनीच्या मासळीचं डोकं तव्यावर ठेवलं,
वास सगळ्या घरात सुटेपर्यंत.
पोरं उठली, भूक लागली म्हणाली.
कोपऱ्यात पिल्लीनं नाक वर केलं.
अजून उठली नव्हती.